कोरडा आवळलेला नट

मे महिन्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला अशा भेगा पडतात की हातभर काठी आत घातली तर बोटभरच वर उरते. त्याच दिवसांत माझ्या शेडसमोर रोटरची रांग लागते. बिलावर आम्ही रोटाव्हेटर लिहितो, तोंडाने सगळे रोटरच म्हणतात. मृगाच्या आत पाती बदलून न्यायची असतात आणि प्रत्येकाला ती उद्याच पाहिजे असतात. सहा फुटी रोटरला बहुधा ४२ पाती, एका पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ८४ नट. त्यातले साठ-सत्तर मुकाट्याने सुटतात. माझी हयात उरलेल्या पंधरा-वीसांत गेली.

तीन वर्षांमागे असाच एक रोटर ट्रॅक्टरवरून उतरवून लाकडी ठोकळ्यांवर घेतला होता. कडेच्या फ्लँजवरचा एक नट हलेना. दोन हंगाम मातीत घासून त्याचे कोपरे गेलेले, वर गंज आणि वाळलेल्या मातीचं कवच. शहाण्या माणसाने अशा वेळी आधी तारेचा ब्रश हातात घ्यावा. मी बाराकोनी रिंग पाना लावला, त्याच्या दांड्यात दोन हात पाईप घातला आणि अंगाचा भार टाकला. पाना कडकन निसटला आणि मूठ शेजारच्या पात्याच्या धारेवर आदळली. चार टाके पडले. ते टाके पडायच्या आधी मी तो नट आवळणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरून घेतल्या.

शेडमध्ये एक कीर्तनकार महाराज बसले होते. घरी चार गाई, त्यांच्या कडबाकुट्टीची पाती धारेला आणलेली. रक्त बघून त्यांनी खांद्यावरचा पंचा दिला आणि माझ्या हाताला गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मिस्त्री, शिव्या कुणाला देताय? ज्याचं प्रारब्ध त्यालाच भोगावं लागतं. आज तुमच्या हाताला लागायचंच होतं."

हात ठणकत होता म्हणून असेल, मी जरा तोडूनच बोललो. "महाराज, आवळला दुसऱ्यानं, फुटला माझा हात. ह्यात माझं प्रारब्ध कुठनं आलं?"

"ह्या जन्मात सापडत नसंल तर मागल्या जन्मात बघायचं."

मागला जन्म मला बघता येत नाही. नट बघता येतो. त्या नटाचं काय झालं होतं ते मी सांगू शकतो. बोल्ट धरतो तो ताणल्यामुळे. नट आवळत नेला की बोल्टची दांडी केसभर लांबते, स्प्रिंगसारखी मागे ओढते, आणि त्या ओढीने पातं फ्लँजला घट्ट बसतं. पण पान्यावर आपण जो जोर लावतो त्याचा साधारण दहावा हिस्साच त्या ताणाला जातो. बाकी नव्वद टक्के घर्षण खातं, निम्मं नटाच्या बुडाशी आणि राहिलेलं आट्यांत. आटे कोरडे, खरबरीत असले की हे गणित आणखी बिघडतं. नट आवळला गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो नुसता अडकलेला असतो. मग पहिल्या पावसात ओल आत शिरते. आमची काळी माती ओल धरून ठेवण्यात पटाईत, शिवाय तिच्यात खतांचे क्षार. गंज चढतो, आणि गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत ती जागा नसते, म्हणून तो दोन्हीकडून दाबत बसतो. नट आणि बोल्ट असे एकजीव होतात. यात दैवाचं काही नाही. आवळण्याआधी एक बोट ग्रीस लागलं असतं तर बहुतेक काही झालं नसतं.

हे सगळं मी महाराजांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, आणि त्या बदल्यात मला दोन शब्द दिले. ते तेव्हापासून माझ्या शेडमध्येच आहेत. कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेलं फुकट जाणं, आणि न केलेलं अंगावर येणं. आपल्या जुन्या दर्शनकारांच्या लेखी हे दोन मोठे दोष. ज्या सिद्धांतातून ते निघतात तो सिद्धांत मोडीत. कायमचा आत्मा नाही, सगळं क्षणोक्षणी बदलतं म्हणणाऱ्या बौद्धांना वैदिकांनी आणि जैनांनीही याच दोन शब्दांत गाठलं होतं. करणारा एक आणि भोगणारा दुसरा निघाला, तर न्याय राहिला कुठे? आणि एवढ्या एका आयुष्यात हिशेब जुळत नाही म्हणून तर मागचे आणि पुढचे जन्म जोडावे लागतात. युक्तिवाद पक्का आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ऐकताना मनात आलं, ज्याला पंडितांनी दोष म्हटलं ते तर माझ्या धंद्याचं वर्णन आहे. आवळणारा निराळा, सोडवणारा निराळा, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही.

तेवढ्यात रोटरचा मालक चहा घेऊन आला. माझा हात बघितला, नट बघितला, आणि अगदी सहज म्हणाला, "आवो मिस्त्री, पाती तुमच्याकडंच टाकली हुती की दोन वर्सामागं."

मी माती खरवडून बघितलं. आमच्या शेडची पांढऱ्या रंगाची खूण फ्लँजवर होती.

महाराज हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. एवढंच म्हणाले, "बघा, तुमचं तुमच्याकडंच आलं की." मला उत्तर सुचलं नाही. त्या सात पिढ्या माझ्याच होत्या.

रात्री गोळी घेऊन पडल्यावर मी आठवत गेलो. त्या वर्षी शेडमध्ये नवीनच इम्पॅक्ट गन आली होती. दिवसाला दोन रोटर निघायचे ते चार निघायला लागले. हाताखालच्या पोराला मीच सांगितलं होतं, "तेलपाणी करत बसू नको, ओढ पटापट." तेव्हा म्हटलं तर गनचा चाप पोराने दाबला, म्हटलं तर मी. नट-बोल्ट मी सुटे, पोत्यातले घेतले होते, ज्यांच्यावर ना कंपनीची खूण ना ताकदीचा आकडा. चांगल्या बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. यांची माथी कोरी होती. मालकाने पुढे दोन पावसाळे रोटर बाभळीखाली मातीसकट उभा ठेवला. मग एका नटाचं हे कर्म कुणाच्या खात्यावर लिहायचं? पोरगं आता चाकणला कंपनीत आहे. माझा हात फुटला हे त्याला कळलेलंही नाही.

आणि खरी झोप उडवणारी गोष्ट ही नव्हती. त्या हंगामात गनने कोरडे आवळलेले रोटर एकटा तोच नव्हता. बाकीचे सांगोल्याला गेले, मोहोळला गेले, काही विकले गेले. तिथल्या कुठल्या मिस्त्रीचा हात फुटला असेल, कुठे पातं सुटलं असेल, कुणी माझ्या पिढ्या काढल्या असतील, त्यातलं काहीही माझ्यापर्यंत आलं नाही आणि येणारही नाही. एक नट परत आला म्हणून महाराजांना कर्मसिद्धांत सिद्ध झालेला दिसला. मला न आलेले नट दिसत होते.

दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला पट्टी बांधून मी पुन्हा त्याच नटासमोर बसलो. आदल्या संध्याकाळी शेडमधल्या दुसऱ्या पोराकडून तारेच्या ब्रशने तो घासून घेतला होता, आणि त्याच्यावर गिअरबॉक्सचं पातळ तेल नि रंगवाल्याकडचं ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून सोडून ठेवलं होतं. बाजारात गंज सोडवायचे फवारे मिळतात, तेही चालतात. खरं औषध असतं रात्र. तेल आट्यांत एका वळशातून दुसऱ्यात आपल्या गतीने जातं. त्याला घाई करता येत नाही, हातोडीने नटाच्या अंगावर टकटक करून वाट मात्र दाखवता येते.

मग झिजलेल्या २२च्या नटावर २१चा सहाकोनी पाना ठोकून बसवला. बाराकोनी पाना कोपऱ्याच्या टोकाला धरतो, सहाकोनी बाजूला धरतो. हा फरक कळायला मला चार टाके लागले. आधी केसभर आवळायच्या दिशेने दाबून बघितलं. नवख्याला हे वेड्यासारखं वाटतं, पण गंजाची पकड पहिल्यांदा कुठल्याही बाजूने मोडली तरी ती मोडते. नाही मोडली. मग गॅस पेटवला. ज्योत नटावर धरायची, पात्यावर किंवा बोल्टवर नाही, कारण तापून फुगायचं आहे ते नटाला. चांगला तापला की ज्योत बाजूला घ्यायची आणि मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवायची. मेण वितळून आत ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. निवला की पाना. लाल नटावर तेल मात्र ओतायचं नाही, भडका उडतो.

एवढं करूनही तो सुटला नाही हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की धीराला हमखास फळ येतं. शेवटी गोल झालेल्या नटावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. मशिन ट्रॅक्टरला जोडलेलं असताना वेल्डिंग कधी करू नये, ट्रॅक्टरची विजेची अंगं जळतात. वेल्डिंगची धग आणि नव्या नटाचे धड कोपरे, दोन्ही मिळून एकदाचा 'कर्र' असा आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला टाळ-मृदंगाचं अप्रूप थोडं कमी असतं, असं मी महाराजांना म्हणालो. ते म्हणाले, "ते मी कीर्तनात सांगीन, पण तुमचं नाव घालून."

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत माणूस कसा पायरीपायरीने खाली जातो ते सांगितलंय. इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृती जाते, स्मृती गेली की बुद्धी. स्मृती जाते म्हणजे काय हे मला कुठल्या भाष्यापेक्षा शेडमध्ये जास्त कळलं. लाकूड कापायच्या गोल करवतीच्या नटाला पुष्कळदा उलटे आटे असतात. मिस्त्रीला हे ठाऊक असतं. पण नट अडला, राग चढला की ठाऊक असलेलंच विसरतं, आणि सोडवायच्या नावाखाली तो मिनिटागणिक आवळत जातो. चांगले अनुभवी लोक मी असं करताना पाहिलेत. मीही केलंय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मंगळवेढ्यात राहून कर्माची गोष्ट निघाली की संत चोखोबांना टाळून पुढे जाता येत नाही. १३३८ साली इथल्या गावकुसाचं काम चाललं होतं. कूस ढासळलं, आणि त्याखाली कामावरचे मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेव आले, ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली, पंढरीला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. कीर्तनात ही गोष्ट हाडांपासून सुरू होते. मला ती भिंतीपासून ऐकावीशी वाटते. पाया कुणी भरला? कच्च्या भिंतीवर आणखी थर चढवायची घाई कुणाला होती? खाली माणसं असताना काम थांबवायला कुणी तयार नव्हतं का? मी बांधकामाचा माणूस नाही, पण एवढं जाणतो की भिंत पडते तेव्हा तिच्यात कुणाची तरी घाई असते. आणि पडते ती घाई करणाऱ्यावर नाही.

चोखोबांच्या अभंगांत आपला जन्म पूर्वकर्माच्या खात्यावर टाकलेला कुठे कुठे दिसतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा एवढ्यावर गप्प बसत नाही, तो देवालाच जाब विचारतो. मी वयाने बापाच्या बाजूला आलो तरी मनाने मुलाच्या बाजूला आहे. सोसणाऱ्याने स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणावं, त्याने त्याला रात्र काढता येत असेल तर त्यात दुसऱ्याने तोंड घालू नये. पण उभं राहून बघणाऱ्याने सोसणाऱ्याला 'तुझं प्रारब्ध' म्हटलं, की भिंतीची चौकशी तिथेच संपते. महाराजांना मी हे बोललो तेव्हा ते बराच वेळ कडबाकुट्टीच्या पात्याची धार अंगठ्याने बघत राहिले. मग म्हणाले, "पंचा देताना मी प्रारब्ध बोलायला नको होतं. पंचा पुरे होता."

अकृताभ्यागम हा दोष असेल, पण जग त्याच्यावरच चाललंय असं मला हल्ली वाटतं. चोखोबांना अस्पृश्य म्हणून जिवंतपणी विठ्ठलमंदिराचं जे दार बंद होतं ते पुढेही सहाशे वर्षं बंद राहिलं, आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजी त्यासाठी पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा कुठे उघडलं. ती बंदी काही गुरुजींनी घातली नव्हती. दुसऱ्यांनी आवळलेलं ते सोडवत होते, आणि हे आपल्या प्रारब्धात का आलं असं विचारत बसले नाहीत. न केलेल्याचा भार कुणी आपण होऊन उचलला, तर त्याला दोष म्हणायचं कसं?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रह हा शब्द येतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापून आलेल्या 'गीतारहस्या'त त्या शब्दावर फार भर आहे. माझ्या वडिलांकडे त्याची जुनी प्रत होती. मी ती तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली, पण लोकसंग्रहापाशी खुणेची पट्टी अजून आहे. तिथे वाचताना समाज, राष्ट्र असं मोठं काहीतरी डोळ्यांपुढे यायचं. हात फुटल्यापासून मला तिथे एक माणूस दिसतो. तो अजून आलेला नाही. दोन वर्षांनी, कुठल्यातरी गावी, भर उन्हात, तो या नटाला पाना लावणार आहे. मी ग्रीस लावलं की नाही हे त्याला कळणार नाही. नट सुटला की त्याला काहीच वाटणार नाही, कारण नट सुटायचाच असतो. फळाची आशा न धरता कर्म करणं हे योग्यांनाच जमतं असं आपण म्हणतो. पण नट नीट आवळणाऱ्या कुठल्याही माणसाला फळ दिसतच नाही, तेव्हा आशा धरायची तरी कशाची?

खंडेनवमीला आम्ही पाने, हातोड्या, वाइस सगळं धुऊन मांडतो. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. मला ती पूजा आवडते आणि मी ती सोडणार नाही. पण त्या वर्षी पूजेला बसल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपली. कुंकू पान्याच्या जबड्यात पोचलं होतं, आणि आट्यांत वर्षभर तेलाचा थेंब गेला नव्हता. महाराज आरतीला होते. मी त्यांना विचारलं, "ग्रीसचा डबा पूजेत मांडला तर चालंल का?" ते म्हणाले, "मांडा की. रोज उघडत असाल तर."

तेव्हापासून शेडचा नियम असा. पाती बदलली की बोल्ट, नट, वॉशर नवे, माथ्यावर आकडा असलेले. फ्लँजची भोकं घासून साफ. आट्यांना तांबं मिसळलेल्या ग्रीसचं एक बोट, त्याहून जास्त नाही. ग्रीस लावल्यावर जोर कमी लावायचा, कारण घर्षणात जाणारा जोर आता ताणात जातो, आणि जुन्याच जोराने ओढलं तर बोल्ट तुटेपर्यंत ताणला जातो. शेवटचा आवळ हाताने, गनने नाही. मालकाला सांगायचं की पहिला दिवस रान मारून झालं की सगळे नट एकदा बघून घे, ट्रॅक्टर बंद करून आणि रोटरखाली ठोकळा देऊन. सैल पातं सुटून उडालं तर ते माणूस बघत नाही. आणि हंगाम संपला की माती धुऊन रोटर पत्र्याखाली ठेव, बाभळीखाली नको. निम्मे लोक ऐकतात. दिवसाला चार रोटर निघायचे ते आता तीन निघतात.

तोच रोटर यंदाच्या मेमध्ये पुन्हा आला. नवीन पोऱ्याला लावून दिला आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. साधा पाना, पाईप नाही, गॅस नाही. दुपारच्या चहाच्या आत ८४ नट तसराळ्यात पडले होते. पोराने हात पुसले आणि विचारलं, "मालक, फुडचा घिऊ का?"